उणे ऐंशी

रबाळ्याच्या तिसऱ्या मजल्यावर
आज फ्रीझर रिकामा करतेय.
हातमोज्यांवर हातमोजे, तरी बोटांची टोकं बधिर.
रॅकवर बर्फाची साय,
खरवडली की खाली माझंच अक्षर:
ऐरोली, ओहोटी, सकाळी ६.१०.

एकतीस वर्षं.
त्यातली किती या कपाटाला दिली
ते विजेच्या बिलावरून काढता येईल.
शुक्रवारी एमआयडीसीची लाइट गेली
की कुकर तसाच गॅसवर सोडून मी निघायची
जनरेटरवाल्याला फोन लावत.
लग्नाच्या वाढदिवसालाही, एकदा.
यशोधन म्हणाला, तुझ्या जंतूंना माझा नमस्कार सांग.
रागाने नाही. जेवत जेवत.

हसुराम होडी आणायचा दिव्याच्या कोळीवाड्यातून.
भांगाला यायचा नाही, कितीही विनवा.
उधाणाची ओहोटी लागली की त्याचाच फोन:
ताई, गाळ उघडा परलाय.
गुडघाभर चिखल, तिवरांची मुळं पोटऱ्यांना टोचणारी,
बाटलीची सावली पडली की निवट्या उड्या मारत पळायच्या.
मी झाकणावर तारीख, वेळ, क्रमांक घालत बसले की
तो विडी विझवून हसायचा:
'चिकल त चिकल, त्याला नाव कनाला?'

मग एक्केचाळीस नंबर.
पिवळट, जरा चिकट, वाटीतल्या जेलीवर टाचणीएवढी.
नऊ दिवसांत तिने काळं तेल खाल्लं,
फ्लास्कमधलं पाणी कोऱ्या चहाचं ताकावर आलं.
तिच्या जिवावर दोन पेपर, एक बढती,
बेलापूरच्या हॉलमध्ये शाल
आणि एक नारळ, जो आम्ही लॅबमध्येच फोडला,
खोबरं मात्र बाहेरच्या जिन्यात खाल्लं, नियमाप्रमाणे.

पुढे जीनोम वाचणं स्वस्त झालं.
हैदराबादला नळी गेली, परत फाइल आली:
चारच अक्षरं, पंचेचाळीस लाख वेळा,
ना काना ना मात्रा, ना कुठे दम घ्यायला दंड.
फरहीनने ती शेजारी ठेवून पाहिली
आमच्या वॉटर बाथमधल्या जंतूच्या.
अक्षर न् अक्षर तेच.

म्हणजे ती खाडीतली नव्हतीच.
आमच्याच कोपऱ्यात, कोमट पाण्यात राहत होती,
कुठल्या तरी दुपारी
माझ्याच हाताने नळीत उतरली असणार.
तेल तिने खाल्लं होतं, ते खोटं नव्हतं.
पत्ता खोटा होता.

फरहीन काही बोलली नाही.
फक्त तिने स्क्रीन बंद केली नाही.
मासिकाला पत्र लिहिलं, सात ओळींचं.
तिसरी ओळ उतरायला पहाट झाली.

त्यानंतर शाली नाहीत.
चिखल होता. होडीवर हसुरामचा मुलगा,
म्हाताऱ्याचे गुडघे गेलेले, तो जेट्टीवरूनच ओरडून जागा दाखवायचा.
दोनशे बारा नळ्या,
आणि प्रत्येकीबरोबर एक रिकामी,
काहीच न घातलेली,
तिच्यात काहीच उगवत नाही ना, एवढंच बघायला.

एकशे अडुसष्टमध्ये एक जनुक आहे,
नऊशे अक्षरांचं.
जगातल्या कुठल्याही नोंदीशी जुळत नाही.
समोर छापून येतं: कार्य अज्ञात.
सहा वर्षं मी त्याच्याभोवती फिरले.
अजून अज्ञातच आहे.
कधी कधी रात्री त्याच्या पहिल्या वीस अक्षरांनी झोप लागते.

चार वाजता पुण्याची गाडी येईल, कोरडा बर्फ घेऊन.
रोशन खोके लावतोय. विचारतो,
मॅडम, या रिकाम्या आहेत, फेकू?
मी एक उजेडाकडे धरते. स्वच्छ.
नको, म्हणते. आधी याच भर.

शेवटी एक्केचाळीस हातात येते.
लेबलवरचं 'ऐरोली' खोडते, खाली लिहिते:
रबाळे, तिसरा मजला, कोमट पाणी.
बर्फावर पेन धरत नाही.
अंगठ्याने पुसते, फुंकर मारते,
पुन्हा लिहिते.