जादा वेळ

पहाटे साडेतीनचा गजर झाला.
नवरा कूस बदलत म्हणाला, कोण आजारी हाय?
म्हटलं, कोण न्हाई. उपांत्य सामना हाय.

साखरेच्या डब्याला मोबाइल टेकवून
आवाज बंद करून बघत बसले.
कुठल्याशा थंड देशात
बावीस बायका पळत होत्या
आणि त्यांच्यासाठी अख्खं स्टेडियम उभं राहत होतं.
सहा नंबरवालीचं नाव मला उच्चारता येत नाही,
मी तिला आक्काताई म्हणते.
बचावफळीत ती अशी उभी राहते
जशी माझी थोरली नणंद रेशनच्या रांगेत:
शिरून दाखवा.

आक्काताई हरली. एकशे अठराव्या मिनिटाला.
त्याच मिनिटाला दूध उतू गेलं.
वहीत दोन्ही लिहिलं.

वही म्हणजे वीजबिलाच्या जुन्या पावत्या,
कोऱ्या बाजूनं शिवलेल्या.
पुढं लोकांची थकबाकी, मागं बायकांचे गोल.
सतरा वर्षांचे.
कुणी मागितली नाही अजून.

आमच्या पेठेत म्हणतात,
पोरगं रांगायच्या आधी लाथ मारतंय.
पोरींचं काय म्हणतात?
आठवीत होते. गल्लीतला बॉल गच्चीवर आला,
मी पायानं परत केला.
खाली सगळं गप्प.
मग कुणीतरी विचारलं, कुणाचा पाय रे ह्यो?
संध्याकाळी आबांनी जिन्याला कुलूप घातलं.
तेव्हापासून मी बघते.

शनिवारी तेरा वर्षांखालच्या मुलींची फायनल.
गॅलरीत अकरा माणसं, त्यातला एक चिरमुरेवाला,
एक आजोबा, चुकून चार तास आधी आलेले.
जर्सी थोरल्या भावांच्या, गुडघ्यापर्यंत.
कसबा बावड्याची आफ्रीन बागवान
डाव्या पायानं असा कट मारते
की समोरची दोन वेळा वळते आणि बॉल एकदाच.
पाचगावची गोलकीपर, निगड्यांची शर्वाणी,
झेप घेतली की आधी वेणी पोचते, मग हात.

एक-एक. वेळ संपली.
माईकवाल्यानं सांगितलं: संयुक्त विजेते.
आफ्रीन टेबलापाशी गेली,
काका, जादा वेळ?
येळ कुठला गं बाळ, चारला पेठेची मॅच हाय.

खरंच होतं. हलगी ऐकू येत होती.
झेंडे, मोटारसायकली, गुलालाची पोती
पुढच्या दारानं आत येत होती.
कप एकच होता,
दोन्ही कर्णधारांनी एकेक कान धरून फोटो दिला.

मग पोरी मागच्या दारानं निघाल्या,
बूट न काढता,
थेट साठमारीच्या कडेच्या मोकळ्या जागेत.
चार चपला मांडल्या. झाले दोन गोल.
माझ्या मनगटावर घड्याळ होतं, म्हणून मी पंच.
बाई, पंधरा-पंधरा, शर्वाणी म्हणाली,
आणि चिटिंग न्हाई.

स्टेडियमकडं जाणाऱ्या गाड्यांपैकी
दोन-तीन थांबल्या. बाकीच्या गेल्या.
एकजण झेंडा मांडीवर घेऊन टाकीवर बसला,
पहिल्यांदा हसत,
नंतर ओरडत, अगं ए, मागं बघ, मागं!

एकदा बॉल माझ्याकडं आला.
चाळीस वर्षं वाट बघितलेला पाय मी उचलला.
चप्पल बॉलपेक्षा लांब गेली.
सगळ्या हसल्या, मीही हसले,
आणि चप्पल आणून दिली त्या झेंडेवाल्यानं.

उजेड उतरत होता.
आत पेठेनं गोल केला असावा, रस्ता हादरला.
इकडं कुणाचं लक्ष नव्हतं.
अजून एक-एकच.
एकीची आई लांबून हाका मारत होती,
एकीचा रिक्षावाला हॉर्न.
आफ्रीननं धापा टाकत विचारलं,
बाई, किती राहिलं?

मी घड्याळ बघितलं. संपली होती वेळ.
मान खाली घातली,
चावी ओढली
आणि काटा पाच मिनिटं मागं फिरवला.