पाठ टेकणे

तेहेतीस केव्हीच्या सबस्टेशनात
मी रात्रभर रजिस्टरात आकडे भरतो.
बारा ते चार शेतीचा फिडर. मग फोन.
"साहेब, लाईन काहून गेली?"
हरभऱ्याला पाणी देणारं अख्खं शिवार जागं,
त्यांच्यासोबत मी.

सहाला चार्ज देतो
आणि घरी जायचं सोडून आखाड्याकडे वळतो.
सत्तेचाळीस पूर्ण. पोट लंगोटावर उतरलेलं.
पोळ्याच्या दंगलीत आता
पंच म्हणूनही कोणी बोलावत नाही.
तरी तुमसरकडून ट्रकनं आणलेली ती लाल माती,
हळद, ताक, जवसाचं तेल मुरलेली,
चिमटीत घेतली
की या काळ्या जमिनीच्या गावात
आपण दुसऱ्याच कुठल्या गावी पाहुणे आलो असं वाटतं.

झोलबाजी वस्ताद एक्क्याऐंशीचे.
कान मोडून भज्यासारखे झालेले.
आधी माझे डोळे बघतात, मग खांदा.
"निजला होता काल?"
"हो. पाच तास."
"खोटं नोको बोलू बाप्पा, डोये सांगतात."
आणि वर, दात कोरत,
"जोर रात्री भरते अंगात. सकाळी नुसता खर्च होते."

पण माझी रात्र सरकारची,
आणि दिवसा समोर पिठाची गिरणी.
शकुन अंगणवाडीत जाण्याआधी
तव्यावर मीठ भाजते, फडक्यात बांधून
डाव्या खांद्यावर ठेवते.
म्हणते, "पोट्ट्यांसंगं लोयता कायले या वयात?"
उत्तर सुचेपर्यंत तिची चप्पल दारात वाजलेली असते.
मीठ थंड होतं. गिरणीचा पट्टा फिरत राहतो.
मी कुशीवर.

कुशीवरच. हे लक्षात यायला मला अर्धं आयुष्य लागलं.
अठराव्या वर्षी एकच शिकलो होतो,
पालथं पडायचं, नाक घासायचं, तोंडात माती गेली तर जाऊ द्यायची,
पाठ टेकू द्यायची नाही.
तेव्हापासून बाजेवरसुद्धा
कोणी वर बसलेलं आहे
असाच पडतो.

माघाची थंडी होती. सलग तीन रात्री ट्रिपिंग.
चौथ्या सकाळी प्रज्योतसोबत पकड धरली.
एकोणीस वर्षांचा. काल सात जणांशी खेळला,
आज ताजा, जसा काही नुकताच धुऊन वाळत घातला.
माझा हात त्याच्या मानेवर पोचला
पण त्यात मी नव्हतो.
त्यानं धोबीपछाड मारली.
आभाळ फिरलं, कडुलिंब फिरला,
आणि पाठ
सपाट,
दोन्ही खांदे, एकदम.

"काका, लागलं काय?" तो म्हणाला.
नाही म्हणायचं होतं.
माती थंड होती, मग तेवढी थंड नव्हती.
कोवळं ऊन छातीवर येऊन बसलं,
मी त्याला ढकललं नाही.
पुढचं मला लोकांनी सांगितलं.
मी घोरत होतो. पोट्टे हसले.
कोणी पाणी शिंपडायला धावला
तर झोलबाजींनी काठी आडवी केली,
"निजू द्या त्याले. आज कुस्ती बंद."

उठलो तेव्हा सावली
पाराच्या पल्याड गेली होती.
पायांवर कुणीतरी बारदाना टाकलेला.
फोनवर एकवीस मिस्ड कॉल,
सगळ्यांना लाईन हवी होती.
खांदा दुखत होता, पण
शेजारच्या घरात कोणाचं तरी दुखावं तसा.
वस्ताद कट्ट्यावर बसल्या बसल्याच डुलक्या घेत होते.

रात्री शकुननं कानामागची लाल माती
पदरानं पुसली.
"जिंकले काय आज?"
"पाठ टेकली," मी म्हणालो.
तिला काय समजलं कोण जाणे.
मीठ भाजायला उठली नाही,
दिव्याचं बटण तेवढं बंद केलं.