अर्धी छाटणी

शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात.
आमच्या कोर्टाला पायरीच नाही.
व्हीलचेअरसाठी केलेला सिमेंटचा उतार आहे,
हिवाळ्यात त्यावर मीठ मीच टाकते.

टॅनर्स बेंड, न्यूयॉर्क राज्याच्या पार वरच्या अंगाला.
महिन्यातले दोन मंगळवार, संध्याकाळी सहाला,
टाऊन हॉलच्या त्याच खोलीत
जिथे सोमवारी कचऱ्याच्या डब्यांवरून भांडतात.
न्यायाधीश मर्ल ओस्टरहाऊट
दिवसा ट्रॅक्टरचे सुटे भाग विकतो,
झगा चढवला तरी नखांतलं ग्रीस तसंच.
कारकून मी. घैसास हे आडनाव
इथे कुणाच्या जिभेवर बसत नाही,
म्हणून नुसती शालन.

परक्या जागेत पाय ठेवल्याचे खटले
इथे फार वाढत नाहीत.
आमच्याकडे बांध वीतभर सरकला
तर नातवापर्यंत तारखा पडतात,
इथे चौदा मिनिटं.
खाणीतल्या पाण्यात पोहणारी पोरं,
घटस्फोटानंतर आपलंच बर्फ ढकलायचं यंत्र
आणायला गेलेला एक नवरा,
लाँड्रीत ड्रायरला पाठ लावून झोपलेली ती,
जिचा पत्ता विचारला
की मला रकाना रिकामा सोडावा लागतो.
सरकारी वकील, कोवळी पोरगी, काखेत अकरा फायली,
एकेकाला भिंतीशी नेऊन तेच कुजबुजते:
सहा महिने. तिकडे फिरकू नका. दुसरं काही करू नका.
मग आपोआप मिटेल.
बहुतेक जण मान हलवतात,
आपण काय कबूल केलं ते न विचारता.
खरं तर काहीच कबूल केलेलं नसतं.

मार्चमध्ये लेलँड व्हॅन्डरमार्क आला. वय एकोणऐंशी.
जमीन त्यानंच विकलेली, सौरपट्ट्यांच्या कंपनीला.
सही त्याची, पैसे बँकेत, कुंपणाला पाटी.
तरी शिडी घेऊन आत गेला
कोपऱ्यातलं सफरचंद छाटायला.
पोलीस पोचला तेव्हा अर्धं झालं होतं.
खाली उतरेपर्यंत पोलिसानंच शिडी धरली,
असं अहवालात नाही.
लेलँडनं सांगितलं,
आणि पोलीस बुटांकडे बघत राहिला.

“सहा महिने,” वकीलबाई म्हणाली.
लेलँडनं बोटांवर मोजलं.
“म्हणजे सप्टेंबर.
आणि उरलेलं अर्धं?”

कुणी हसलं नाही.
मर्लनं चष्मा काढला, झग्याला पुसला.
म्हणाला, कंपनीनं लेखी परवानगी दिली
तर तो गुन्हाच राहत नाही, लेलँड.
कंपनीचा माणूस टेक्ससहून फोनवर होता.
विचारून सांगतो, म्हणाला.

पत्र मी टाइप केलं. तीनदा पाठवलं.
तिन्ही वेळा त्याच मिनिटाला उत्तर:
आपला निरोप आमच्यासाठी मोलाचा आहे.
लेलँड दर मंगळवारी फोन करायचा,
कोर्ट नसलं तरी.
मे महिन्यात म्हणाला, आता राहू दे,
पानं आली, आता काही करू नये.

सप्टेंबरात फाइल आपली आपण वर आली.
अशा वेळी कुणाला यावं लागत नाही.
खटला रद्द, नोंद सीलबंद.
कायद्याच्या लेखी
त्या सकाळी कुणी आत गेलंच नव्हतं,
शिडी नव्हती, करवत नव्हती,
पोलिसाचे हात तर आधीपासूनच नव्हते.
मी शिक्का मारला. दिवा घालवला.

घरी लांबच्या रस्त्यानं गेले.
गाडी रस्त्यावर, मी पाटीच्या अलीकडे,
बूट नीट बघून ठेवलेले.
पट्ट्यांच्या रांगांपलीकडे झाड होतं.
एका अंगाला फांद्या एकमेकींत गुंतलेल्या,
फळं बारीक, गच्च, बोराएवढी म्हणा.
दुसऱ्या अंगाला मोजकीच.
इतक्या लांबूनही दिसत होती.