अर्धी मूठ

माझ्या माहेरी दालातला, डोंगरावर,
मोहरीचा पाला आंबायला आठ दिवस घेतो.
आई बरणी भरायची आणि विसरून जायची.
इथे बेन त्रेला विसरून चालत नाही.
इथली हवाच मुळात अर्धी आंबलेली.
सकाळी भरलेली बरणी
रात्रीची जेवणं आटपेस्तोवर बोलायला लागते,
झाकणाखालून बुडबुड,
कुणी पाण्यात तोंड घालून नाव घेतंय तशी.

लग्नानंतरची पहिली बरणी
मी माहेरच्या हिशोबानं उघडली.
वर पांढरी साय,
खाली पाला असा की बोट लागलं की लगदा.
सासूनं तो बदकांना घातला.
बदकांनीही मान फिरवली.
सासूला सगळे बाय म्हणतात. बाय म्हणजे सात.
भावंडांत ती सहावी,
पण या मुलखात मोजणी दोनापासून सुरू होते.
"इथं दिवस मोजू नकोस," ती म्हणाली,
"वास मोज."

पाला उन्हात टाकायचा, पण वाळवायचा नाही,
दांडा वाकला पाहिजे, मोडता कामा नये.
तांदळाचं दुसरं धुवण.
मीठ तीन मुठी.
कुणाच्या मुठी हे विचारायचं नाही.
वर बांबूच्या कामट्या, त्यांवर काळा दगड,
तो एकच, दुसरा चालत नाही, का ते तिलाही माहीत नाही.
पहिल्या दिवशी वास कापलेल्या गवताचा,
दुसऱ्या दिवशी ओल्या नाण्याचा,
तिसऱ्या पहाटे एक पिवळा वास येतो,
जिभेच्या कडा आत ओढून घेणारा.
तेव्हाच उघडायची.
दुपारपर्यंत थांबलात तर ती बरणी माशांची.

चार वर्षं मी तिच्या मुठी बघत आले.
माझी मूठ लहान.
एकदा कॉफीच्या कपानं मोजू लागले तर हसली,
"कपाला घाम येतो का गं?"

यंदा तेतचा सण झाला आणि समुद्र नदीतून चालत वर आला.
दरवर्षी दाराशी येऊन परत जायचा,
या खेपेला आमच्या पायऱ्यांवर बसला.
फणसाच्या पानांच्या कडा जळाल्या.
धाकटे दीर तुंग कुठूनसं खार मोजायचं यंत्र घेऊन आले,
आकडा सांगितला.
बाय म्हणाली, "आकड्याला चव नसते."

पावसाच्या पाण्याचे रांजण सहा होते, दोन उरलेत.
पिण्याचं पाणी पाल्याला कोण देईल?
तिनं नदीचंच घेतलं. तांदूळ धुतले. मूठ भरली.
बरणीवर धरली
आणि थांबली.

तिला थांबलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.
नदीकडे बघत म्हणाली,
"हिनं माझं मीठ खाल्लं, की मी हिचं?"
करंगळीखालून दोन-तीन दाणे निसटले, घामानं भिजलेले.
मूठ उघडेना.

मग माझ्याकडे वळली.
"थाम, तू डोंगरावरची. तुझी जीभ अजून गोडी ओळखते. चाख."

मी बोट बुडवून चाखलं.
खारट होतं.
किती, ते सांगता येईना.
"अर्धी," मी म्हटलं.
कळलं म्हणून नाही. काहीतरी म्हणायला हवं होतं म्हणून.

तिनं अर्धी सोडली. फक्त अर्धी, बाकी काही नाही.
उरलेलं मीठ डब्यात परत टाकलं नाही,
माझ्या तळहातावर ओतलं, कोमट.
माझी मूठ त्यानंच भरली.

आज दुसरी रात्र.
बरणी अजून बोललेली नाही.
बाय भिंतीकडे तोंड करून झोपलीय, किंवा नाही झोपलेली.
मी चटई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी ओढलीय.
वास येतोय काहीतरी,
गवताचा नाही, नाण्याचाही नाही,
याला माझ्याकडे अजून शब्द नाही.
बदकं बाहेर उगीचच जागी आहेत.