आज्ञार्थ

हातमोज्यांच्या खोक्याच्या पाठीवर
मी देवनागरीत लिहून ठेवलंय सगळं :
मूठ मिटा. मूठ उघडा. उपाशीपोटी आलात ना.
एका अक्षराला आपल्याकडे घरच नाही,
म्हणून अ-च्या पायाशी टिंब दिलंय
आणि शेजारी बारीक अक्षरात :
बोंबलाचा काटा अडकल्यासारखं.

पहाटे पाचला, सूरमधल्या आमच्या खोलीत
लिजी झोपलेली असते, तेव्हा
न्हाणीत नळ सोडून मी तो काटा घोटत बसते.
तिला सात वर्षं झाली. ती भांडतेसुद्धा अरबीत.
मी अजून माफीपर्यंतच पोचलेय.

शीर सापडते मला. दिवे गेले तरी सापडेल.
देवरुखच्या दवाखान्यात म्हणायचे,
हिच्या बोटांना डोळे आहेत.
बोटं इथे पहिल्याच दिवशी कामाला लागली.
जीभ अजून मस्कतच्या विमानतळावर,
शिक्क्याच्या रांगेत.

टोकन एकेचाळीस. झुवैना.
मेंदीने काळपट झालेली नखं,
कपाळापासून नाकापर्यंत जांभळट झाकीचा बुरखा,
श्वासाला लवंगेचा वास.
सुई बघून तिने हात आखडला
आणि माझं खोकं नेमकं उलटं पडलेलं,
पाठ टेबलाकडे.
काही आठवेना.
तोंडातून निघालं ते पहिल्या आठवड्यात शिकलेलं :
ला तखाफ.
घाबरू नको.
म्हणताना माझाच आवाज कापत होता,
कापूस सुद्धा.

ती हसली का, बुरख्यामुळे कळलं नाही.
एक बोट वर करून म्हणाली,
ला तखाफी.
मग पुन्हा, सावकाश,
शेवटची ई लहान मुलाला भरवावी तशी :
ला तखाफीऽ.

अगं बाई!
बाईमाणसाला मी पुरुषासारखं सांगितलं होतं.
मराठीत कसं, घाबरू नको म्हणताना
समोर कोण बसलंय ते बघावं लागत नाही.
मी सॉरी म्हटलं. ते कुठेही खपतं.
मूठ तिने आपणहून उघडली.
नळी भरली. लेबल तिरकं लागलं.

दुपारी डबा उघडला
आणि घास हातातच राहिला.
ती चूक दाखवत होती,
की मला सांगत होती?

लिजीला विचारावं म्हटलं.
मग नको वाटलं.
लिजी व्याकरण सांगेल.