हॅव, उद्यमबाग

साडेसातला खालचा लेथ थांबतो,
तेव्हा कुठं माझा आवाज मला ऐकू येतो.
फळ्यावर आज एकच शब्द, चार अक्षरांचा.
हॅव.
सोपा आहे म्हणालो, आणि तिथंच फसलो.

मोनाप्पा चौगुले, टर्नर, कंग्राळीचा,
विचारतो, सर, मराठीत काय म्हणायचं ह्याला?
मी तोंड उघडतो. थांबतो.
सायकल माझ्याकडं आहे.
बहीण मला आहे.
घर माझं आहे.
ताप मला आहे, पण तो आलेला आहे,
पाहुण्यासारखा, दोन दिवसांत जाईल.
आपल्याकडं एवढे दरवाजे,
आणि त्यांचा गडी एकाच हातानं धरून उभा
सायकल, बहीण, ताप, घर.

आमच्यातबी नाही, सर,
मागच्या बाकावरची मल्लव्वा हुद्दार म्हणते.
दिवसा केएलईत वॉर्डात, रात्री परीक्षेचा अभ्यास.
नन हत्र सैकल ऐती.
हत्र म्हणजे?
जवळ. माझ्याजवळ सायकल आहे, एवढंच.
उद्या दुसऱ्याच्या हत्र.

ज्या दोन लिपींतल्या पाट्यांना
आळीपाळीनं डांबर लागतं आमच्या गावात,
त्या दोन्ही भाषांत हे क्रियापदच नाही.
एकोणीस वर्षं शिकवून मला हे आज कळलं.
सांगावंसं वाटलं. सांगितलं नाही.
खडू मोडला, दुसरा घेतला.

मग हॅव टी. चहा जवळ नसतो, पोटात जातो,
तरी हॅव.
मग हॅव टू गो. काहीच नाही हातात, फक्त जाणं,
तरी हॅव.
त्याला काय म्हणायचं?
जावं लागतं, मोनाप्पा म्हणतो,
आणि स्वतःच हसायला लागतो:
भूक लागते, ठेच लागते, वेड लागतं,
सर, आपलं 'लागणं' काय कमी आहे का ह्याच्यापेक्षा!
वर्ग हसतो. मलाही हसू येतं.
हसूसुद्धा येतंच, आपल्याकडं नसतं.

पान अकरा. वाचा एकेक ओळ.
आय हॅव टू आइज.
आय हॅव टू हँड्स.
आय हॅव टेन फिंगर्स.
ही ओळ दस्तगीर मुजावरच्या वाट्याला आली.
मी मोजून वाटल्या नव्हत्या, बाकावरच्या क्रमानं गेल्या.

पॉवर प्रेसनं दोन वर्षांपूर्वी घेतली दोन,
उजव्या हाताची, शेवटची.
तो वाचत नाही. वहीवर वाकतो,
पेन अंगठ्यात आणि दोन बोटांत धरून
सावकाश लिहितो, आणि मग मोठ्यानं:
आय हॅव एट फिंगर्स.
आय हॅड टेन.
बरोबर आहे का, सर?

बरोबर आहे.
व्याकरणात काहीच चूक नाही.

मल्लव्वा त्याच्या हाताकडं नर्ससारखी बघते,
टाके कुणी घातले होते, विचारते.
सिव्हिलला, तो म्हणतो. मेरे कने पैसे कां थे.
कने, मी मनात म्हणतो.
हाही जवळच.

मोनाप्पाला मध्येच आठवतं,
बापाच्या घराचा उतारा कन्नडात आहे,
त्याला वाचता येत नाही, मल्लव्वा वाचून दे म्हणतो.
दे की, ती म्हणते, पण चहा तू पाजायचा.
हॅव टी, कुणीतरी ओरडतं.

नऊला फळा पुसतो.
हॅव पुसला जातो, धूळ माझ्या बाहीवर राहते.
खाली कंपनीच्या फाटकासमोर सिटी बस उभी,
शेवटची, मच्छेकडं जाणारी,
कंडक्टर पायरीवरून हाक देतो:
हत्री, हत्री, लगू.
चढा.
दस्तगीर डावा हात दांड्याला घालतो,
उजवा आत कुणीतरी ओढून घेतं.