सोमवारपर्यंत

डॉक्टरीणबाई कागदावर दोन गोल काढतात.
एकातून लिंबाच्या फोडीएवढा तुकडा बाहेर,
दुसऱ्यावर सरळ आडवी रेघ.
"आयुष्याच्या हिशेबात," त्या म्हणतात, "दोन्ही सारखेच."
आणि पेन माझ्याकडे सरकवतात,
जशी मेंढ्यांच्या पावतीवर सही हवी आहे.

सारखेच, तर मग मला का विचारता?
एकोणीस-वीस असतं तर वीस उचललं असतं.
वीस-वीसमधून काय उचलायचं?

तुकडा काढला, तर मागून किरणं.
किरणं ॲबर्डीनला. रात्रीची बोट,
तीन आठवडे, रोज काही मिनिटं,
उरलेला दिवस परक्या खिडकीशी.
सगळंच काढलं, तर बहुधा कर्कवॉलमध्ये आटपेल,
मेंढ्या व्यायला लागायच्या आत मी गोठ्यात उभी.

तिसरंही एक आहे, नर्स म्हणाली,
पाठीतला स्नायू पुढे ओढून नवा उभारायचा.
मी म्हटलं, त्या पाठीवर चाळीस वर्षं गवताचे भारे आहेत,
तिला आणखी काम सांगू नका.
"बरं, थोरा. सोमवारपर्यंत फोन कर."

मॅग्नस म्हणाला, तुला हवं ते कर,
आणि पडलेला बांध रचायला गेला.
आमच्या बेटावर नवरे रडत नाहीत,
दगड निवडतात.

नणंद जेसी अकरा वर्षांपूर्वी सपाट झाली.
स्वयंपाकघरात तिनं स्वेटर वर केला: "हे बघ."
एक रुपेरी रेघ,
ओहोटीनं वाळूवर सोडून दिलेली.
मला वाटलं होतं, भीती वाटेल.
मत्सर वाटला.
तिचं ठरून गेलं होतं.

रात्री टबात मी दोघींकडे पाहिलं.
डावी पहिल्यापासून आळशी,
जुळ्यांतला धाकटा तिच्याशी भांडून उजवीकडे वळायचा.
बिचारी. आता सगळं लक्ष तिच्याकडे.

माझी एक काळतोंडी मेंढी होती.
कासेत गाठ, अंगात ताप.
कुजलेली अर्धी कास मीच कापून काढली
कंदिलाखाली, तिला गुडघ्यांत दाबून.
पुढच्या साली तिनं एका सडावर दोन पिल्लं वाढवली.
ही गोष्ट मी वर्षानुवर्षं सांगत आले,
दारू पितानाही, चर्चच्या पायरीवरही.
परवा पहिल्यांदा लक्षात आलं:
तिला मी विचारलं नव्हतं.

सगळे धरून चाललेत की मी काढून मोकळी होणार.
दुखरी दाढ, गळका पत्रा, म्हातारा कुत्रा,
मी काढून मोकळी होणारी बाई आहे.

रविवारी रात्री वारा पडला.
वारा पडला की इथे झोप उडते.
मी काही ठरवलं नाही,
ठरलेलं मला सापडलं,
कोटाच्या खिशात हरवलेली किल्ली सापडावी तसं.

कारण विचाराल तर सांगायला लाज वाटते.
ती परकी खिडकी मला हवी होती.
तीन आठवडे एक खोली, एक केटली,
दारात कुणी ओरडत नाही, ना माणूस ना जनावर,
आणि रोज काही मिनिटं
एक अवाढव्य यंत्र फक्त माझ्याभोवती फिरणार.
आणि हेही खरं, की त्या आळशीला
मला अजून सोडायचं नव्हतं.

जेसीचं बरोबर होतं. ते तिचं होतं.

सोमवारी नऊला फोन केला.
मॅग्नस दारात, हातमोजे चिखलानं जड.
मेंढ्यांचं कोण बघेल, हे त्यानं विचारलं नाही.
विचारलं, "बोट कितीची?"
मी सांगितलं.
त्यानं एक मोजा काढला, दुसरा तसाच ठेवला.
बऱ्याच वेळानं म्हणाला,
"तिकिटं एक की दोन?"

याला मात्र सोमवार नव्हता.
मी चहा ओतला. दोन्ही कप भरले,
आणि सावकाश विचार करू लागले.